स्वच्छ हवेतली पाहणी

गुनवोर सत्तावीस वर्षं एकच काम करत होती. आजपासून सहाव्या ते दहाव्या दिवशी उत्तरेच्या किनाऱ्यावर हवा कशी असेल, ते सांगायचं. उद्याचं कुणीही सांगतं, खिडकी उघडली की झालं. हे मधले पाच दिवस मात्र लोकांच्या बरोब्बर लक्षात राहतात, आणि शिव्याही तिथेच पडतात. सुट्टीत आपल्या गावी, स्कार्वनेसला गेली की दुकानात कुणीतरी गाठायचंच.

"काय गं, शनिवारी भर लग्नात पाऊस पाडलास तो?"

"मी साठ टक्के म्हटलं होतं."

"आम्ही साठ टक्के नाही भिजलो, पुरते भिजलो!"

तिच्या कचेरीतला संगणक एकच गणित एक्कावन्न वेळा सोडवायचा, दर वेळी सुरुवात केसभर बदलून. ती एक्कावन्न उत्तरं समोर ठेवून गुनवोर चार ओळी लिहायची, एकेक शब्द तोलून. मग त्या ओळींच्या डोक्यावर एक चित्र बसायचं, उन्हाचं नाहीतर ढगाचं. लोक चित्र बघायचे आणि मोकळे व्हायचे. यावर तिचं डोकं फिरायचं. "चित्रच बघायचं तर मला पगार कशाला देता?" असं तिने साहेबाला तोंडावर विचारलं होतं. साहेब नुसता हसला. साहेबही चित्रच बघायचा.

त्या हिवाळ्यात स्कार्वनेसच्या मासळी कारखान्याने निर्वाणीचं सांगितलं: बंदराच्या तोंडावरचा लाटा अडवणारा बांध यंदा मंजूर झाला नाही, तर आम्ही चाललो. कारखाना गेला की गाव गेलंच. मंजुरीला सरकारी पाहणी हवी. पाहणी दोनदा ठरली, दोन्ही वेळा गुनवोरने वादळ सांगितलं, आणि दोन्ही वेळा पाहणीवाल्या सरकारी साहेबलोकांचा गावात फोन आला, "हवा खराब दिसते, पुढे ढकलू." वादळंही अगदी सांगितल्या दिवशी आली. दुसऱ्यात तिच्या भावाची, इंगवाल्डची, बोट बंदराच्या तोंडाशीच खडकावर आदळली. बघायला सरकारचं कुणी नव्हतं, कारण अंदाज अचूक होता.

बंदर समितीच्या प्रमुख, येन्सीने नावाच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या मावशीने गुनवोरला फोन लावला. "अगं, एकदा ऊन सांग. ते आले की वादळ पाठव."

"मावशी, वादळं मी पाठवत नाही."

"सत्तावीस वर्षं नोकरी करून एवढंही जमेना?"

इंगवाल्डने फोन हिसकावला. "एकदाच खोटं लिही, गुनवोर. गावासाठी."

"आणि त्या खोट्यावर विसंबून कुणी बोट काढली तर? तू पहिला असशील, मूर्खा!"

मार्चमध्ये एक्कावन्नपैकी चव्वेचाळीस उत्तरांत वादळ दूर पश्चिमेला, भर समुद्रातच राहत होतं. किनाऱ्यावर वारा नाही. पण त्या वादळाची लांब लाट चालत येणार होती, आणि स्कार्वनेसच्या बंदराचं तोंड नेमकं पश्चिमेला. गुनवोरने नेहमीसारखंच लिहिलं: "गुरुवारी स्वच्छ ऊन, वारा मंद. पश्चिमेकडे तोंड असलेल्या बंदरांत दूरच्या वादळाची मोठी लाट शिरण्याची दाट शक्यता." वर हसरं ऊन बसलं. पाहणीच्या साहेबांनी गुरुवार ठरवला.

फोन करून "खाली वाचा" म्हणायला हवं होतं का? सत्तावीस वर्षं ती तेच ओरडत होती. त्या आठवड्यात घसा बसला होता असं समजा. त्यांना आणणाऱ्या बोटीच्या तांडेलाने ती ओळ वाचली होती, तांडेल वाचतातच. "जायचंच का?" असं त्याने विचारलंही. साहेब म्हणाले, "ऊन दिसत नाही का?"

गुरुवारी सारं गाव कॉफी आणि वाफल घेऊन धक्क्यावर. गुनवोरही रजा काढून आलेली. आभाळ निळंशार, आणि बंदराच्या तोंडाशी लाटा घराएवढ्या उठून पांढऱ्या फुटत होत्या. तांडेलाने शहाणपणाने बोट बाहेरच रोखली. दीड तास.

इंगवाल्डने दुर्बीण लावली. "एक साहेब कठड्यावरून वाकला. दुसराही वाकला. तिसरा बसूनच वाकलाय."

लोक हसले. मग बोट वळली आणि निघून गेली, तेव्हा हसू थांबलं.

"पाय नाही लावला धक्क्याला!" मावशी कडाडली. "पाहणीच नाही तर मंजुरी कुठली?"

गुनवोरच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना लाट दिसावी एवढाच तिने विचार केला होता. ते उतरणार कसे, हे बंदरावर जन्मलेल्या बाईच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आठवड्याने पत्र आलं. "हवा स्वच्छ असूनही बंदरात शिरणे अशक्य झाल्याने पाहणी होऊ शकली नाही. प्रस्ताव पुढील वर्षी विचारात घेऊ." इंगवाल्ड ते शेगडीत टाकायला निघाला. गुनवोरने त्याचं मनगट धरलं.

"थांब, गाढवा! स्वच्छ हवेतही बंदरात शिरता येत नाही, हे आपण अकरा वर्षं लिहितोय, तेव्हा ते रडगाणं होतं. आता त्यांनी लिहिलंय. सहीशिक्क्यानिशी! हीच झाली पाहणी!"

त्यांचंच पत्र अर्जाला जोडून त्यांनाच धाडलं. नऊ दिवसांत उत्तर आलं: मागितलेल्या दोनशे मीटर बांधापैकी एकशे तीस मंजूर. कारखाना गावातच राहिला. आणि मावशीने चष्मा पुसून उरलेल्या सत्तर मीटरचा अर्ज लिहायला घेतला.