गोधडीतला कॉम्प्युटर

जगातलं कुठलंही यंत्र शेजारी बसून राहिलं की आपलं दुखणं आपणहून सांगतं, असं मानणारा एकच मनुष्य मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. ओतूरला त्यांचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. घराणं मूळचं मेंढरांमागे फिरणारं. चार मेंढ्या अजूनही दुकानामागे बांधलेल्या असत. मोटार आली की पाना हातात घेण्याआधी मामा तिच्याशेजारी पोतं अंथरून बसत आणि तंबाखू मळत तिच्याकडे बघत राहत. गिऱ्हाईक कातावलं तर सांगत, आमचा आजा आजारी मेंढीला हलवायचा नाही, आधी तिच्याजवळ बसायचा. एकदा शेजाऱ्यांच्या टीव्हीवरचं चित्र सारखं जात होतं, तर मामांनी त्याच्यासमोर तीन संध्याकाळी मुक्काम ठोकला. बिघाड पहिल्याच संध्याकाळी सापडला होता, हे नंतर कळलं. पण मालिकेतल्या सुनेला सासूनं घराबाहेर काढलं होतं, आणि ती परत येईपर्यंत मामांचा पाय निघत नव्हता.

त्या सुमारास जुन्नरला माझं लग्नपत्रिका टाइप करून द्यायचं दुकान होतं. कॉम्प्युटर एकच, आणि तो मनात येईल तेव्हा हँग व्हायचा. नवरीचं नाव अर्धं टाइप झालेलं आणि पडद्यावरचा बाण जागचा हलायचा नाही. दोनदा मंचरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. तिथं तो आठ-आठ दिवस शहाण्यासारखा चालला, माझ्याकडे आला की पुन्हा तेच रडगाणं. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. या हंगामात पत्रिका वेळेत गेल्या नाहीत तर दुकानाला कुलूप लावून चाकणला कंपनीत लागायचं, असं मी बायकोला सांगून टाकलं होतं. तिनंच मामांना बोलावलं. मामांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे मी मनातून चरफडलो.

मामा आले, चहा प्याले आणि पोतं अंथरून बसले. दोन दिवस त्यांनी कशाला हात लावला नाही. मी रागानं कॉम्प्युटरच्या डब्याला टपल्या मारायला लागलो की तेवढा माझा हात धरत. तिसऱ्या दिवशी शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. थ्री-फेज वीज येईल तेव्हाच ती चालायची, तिला वेळकाळ नव्हता. पीठ उडायला लागलं तशी मी नेहमीप्रमाणे खिडकी लावली आणि बायकोनं मुद्दाम शिवलेली छोटी गोधडी कॉम्प्युटरच्या डब्यावर चारी बाजूंनी नीट पांघरली. अर्ध्या तासात बाण थांबला. मामांनी गोधडीखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"पावणं, ह्याला काय बी झालं न्हाई," ते म्हणाले. "तुमीच मायेनं त्याचा जीव कोंडताय."

गोधडी निघाली, टेबल गिरणीपासून लांबच्या भिंतीला गेलं. पत्रिका वेळेत गेल्या आणि माझं चाकण टळलं. मामा पुढे वर्षभर ही गोष्ट पैपाहुण्यांत सांगत सुटले, आणि दर सांगण्यात ती गोधडी थोडी जाड होत गेली.

काही वर्षांनी मामाच थांबायला लागले. बोलता बोलता गप्प व्हायचे, नजर एका जागी, बशीतला चहा तसाच. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. मुलगा जीव लावणारा. वडील कुठं पडू नयेत म्हणून त्यानं त्यांना कानटोपी, शाल घालून आतल्या खोलीत ठेवलं होतं, दार लावून. मी भेटायला गेलो तेव्हा तो त्यांना गदागदा हलवत होता, बोला म्हणून विनवत होता. मी त्याचा हात धरला. मामांना बाहेर ओट्यावर आणलं, कानटोपी काढली, पोतं अंथरलं आणि शेजारी बसलो. समोर मेंढ्या रवंथ करत होत्या. मी मामांकडे बघत राहिलो.

बऱ्याच वेळानं मामांची मान माझ्याकडे वळली.

"पावणं, लई येळ बसलाय का?"

"नाही मामा," मी म्हणालो, "आत्ताच आलो." आणि तसाच बसून राहिलो.