मास्तर नरमले की मावशी धावायची

मास्तर तोंडाचे भलते फटकळ. कपड्याच्या कारखान्यात तीस वर्षं कटिंगचं काम. कापड उलट बोलत नाही म्हणून त्याच्याशी जमायचं, माणसांशी नाही. बायकोला, म्हणजे आमच्या मावशीला, उभ्या जन्मात चांगलं म्हटलं नाही. भाजीत मीठ कमी, नाहीतर जास्त. बरोबर कधी पडलंच नाही बिचारीचं.

त्यात त्यांना शुगर निघाली. सकाळी इन्शुलिन घ्यायचं आणि वेळेवर जेवायचं, एवढंच. पण कापडाची थप्पी लावली की कापून होईस्तोवर हे टेबल सोडायचे नाहीत. घर कारखान्याच्या वरच, तरी जेवण गार.

एकदा मावशी बोलवायला खाली गेली. मास्तरांनी वर बघितलं आणि म्हणाले, "ये, बस. किती दमतेस गं. तुझ्यासारखी बायको मिळाली, नशीब माझं."

सगळ्यांच्या मशीनी थांबल्या. मावशी तर लाजली पण. मग बघते तर मास्तरांचा सदरा घामानं भिजलेला, हातातली कात्री थरथरतेय. बोट टोचून बघितलं, शुगर पंचावन्न, पार खाली!

तेव्हापासून तिनं ओळखून ठेवलं. दुसऱ्या बायका चांगल्या शब्दासाठी झुरतात, ही तो ऐकला की पळत सुटायची. पाण्यात तीन-चार चमचे साखर, घोट घोट पाजायची. डॉक्टरांनी सांगितलेलं, पंधरा मिनिटांनी परत बघा. तेवढा वेळ समोर स्टुलावर बसायची. मास्तर आधी घाम पुसायचे. मग, "पंखा कोणी वाढवला?" मग, "तोंडाकडे काय बघतेस? सिनेमा लागलाय का?"

"आले हो," मावशी कारागिरांना सांगायची. जिवात जीव यायचा तिच्या. शुगरच्या मशीनमध्ये बघायची, आकडा वर आलेला असायचा. मग जेवायला वाढायची.

मास्तरांनी काम सोडलं त्या दिवशी सगळे जमले. मास्तर उभे राहिले. "मी कधी बोललो नाही, पण हिनं माझ्यासाठी..."

मावशी ग्लास घेऊन हजर.

"अगं, मी ठीक आहे!"

"शुगर उतरते तेव्हाही असंच म्हणता. आ करा."

या झटापटीत अर्धा ग्लास शर्टावर. बोट टोचलं तर एकशे तीस. हसून हसून लोकांची पोटं दुखली.

"अहो, मग पुढचं बोला की," मावशी म्हणाली.

"आता काय बोलू, कपाळ? नवा शर्ट होता. अक्कल म्हणून नाही."

ते पुढचं राहिलंच.

मागच्या महिन्यात त्यांच्या छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात ठेवलं. शुगर सारखी बघत होते, अगदी नीट होती. मास्तर नर्सवर खेकसले, उशीच्या अभ्र्याची शिवण वाकडी आहे म्हणून. मग मावशीवर, "इथं काय टपून बसलीस? घरी जा, अंघोळ कर, अवतार बघ."

मावशी निवांत मनानं घरी गेली. तासाभरानं परत आली तर खाटेभोवती पडदा ओढलेला.

आता दुखवट्याला कोणी आलं की ती एवढंच सांगते, "चांगले ओरडत होते हो. म्हणून तर मी घरी गेले."