मुक्कामाचं व्याख्यान

"पुढं सरका, पुढं सरका! दारात गर्दी नको, पुढं समदं मोकळं हाय!"

भोरमधल्या आमच्या वाचनालयाच्या सभागृहात हे वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं, तेव्हा व्यासपीठावर पाहुण्यांचा परिचय चालू होता. हिवाळी व्याख्यानमालेचा पहिला दिवस. असल्या कार्यक्रमांना तुम्हीही जात असाल, तर बसण्याची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. पुढच्या रांगा ओस आणि मागच्या रांगांत दाटी, म्हणजे कंटाळा आला की सटकायला बरं. तर एक बाई मधल्या वाटेत येऊन उभ्या राहिल्या. स्वेटरवरून पदर घट्ट खोचलेला, डोक्याला मफलर. दोन्ही हातांनी त्या माणसं पुढे लोटायला लागल्या. आणि गंमत म्हणजे माणसं सरकली! वकील सरकले, निवृत्त मुख्याध्यापक सरकले, कोणापुढे इंचभर न हलणारे आमचे अध्यक्षसुद्धा कानटोपी सावरत पहिल्या रांगेत जाऊन बसले. सगळे बसल्याची खात्री झाल्यावर बाईंनी वक्त्यांकडे पाहून हात वर केला.

"चला, जाऊ द्या!"

वक्ते क्षणभर चक्रावले आणि मुकाट्याने बोलायला लागले.

मी या वाचनालयाची ग्रंथपाल. माझ्या सभागृहात परक्या बाईने येऊन हुकूम सोडावेत हे मला कसं रुचणार? कार्यक्रम संपल्यावर विचारायलाच गेले. बाई हसल्या. म्हणाल्या, "रागवू नका ताई. सवय हाय. जल्म एसटीत गेला."

बाई एसटीच्या कंडक्टर होत्या. भोरहून नसरापूर, वेल्हे, पानशेत असे सगळे रस्ते त्यांच्या पायाखालून गेले होते. निवृत्त झाल्यावर वेळ जाईना म्हणून वाचनालयाच्या सभासद झाल्या, आणि बघता बघता आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर बसल्या. पुस्तक मागण्याची त्यांची एक तऱ्हा होती. "ताई, आज लांब पल्ल्याचं द्या," म्हणाल्या की समजायचं, जाडजूड कादंबरी हवी. घरी पाहुणे यायचे असले की, "जवळचं द्या, नसरापूरपातुर पुरंल असं." मग मी त्यांना कथासंग्रह द्यायची.

व्याख्यानाला त्या कधी बसल्या नाहीत. मधल्या वाटेत लोखंडी कपाटाला कंबर टेकवून, पाय किंचित फाकवून उभ्या राहायच्या. पुढच्या वळणावर सभागृह कलंडणार आहे अशी तयारी! मी म्हणायची, "बाई, खुर्ची आहे ना, बसा की."

"बसलं की उतरनारी दिसत न्हाईत," त्या म्हणायच्या.

आणि खरंच, कोणी चोरपावलांनी दाराकडे निघाला की बाई हळूच त्याच्या कानाशी लागायच्या. "उतरायचं का? अजून आभारप्रदर्शन यायचंय." तो बिचारा परत जागेवर. अहो, आमच्याकडे आभारप्रदर्शनापर्यंत माणसं बसायला लागली ती बाईंमुळे. एरवी आभार मानायला उभं राहावं तर समोर खुर्च्या!

पण होती ती माणसं बसवून ठेवणं वेगळं आणि नसलेली आणणं वेगळं. दरवर्षी गर्दी रोडावत चालली होती. एका हिवाळ्यात नीरा नदीवरून असा काही बोचरा वारा सुटला की सभागृहात आम्ही दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतके उरलो, आणि त्यातले निम्मे कार्यकारिणीतलेच. वक्त्यांना निरोप दिल्यावर अध्यक्षांनी तिथेच जाहीर केलं. "पुढच्या वर्षीपासून व्याख्यानमाला बंद. लोक सगळं मोबाईलवर ऐकतात. थंडीत सभागृह साड्यांच्या सेलवाल्यांना देऊ. निदान माणसं तरी येतील."

जिथे माणसं शब्द ऐकायला जमत, तिथे आता साड्यांचे ढीग लागणार! बाई पुढे आल्या.

"ऐकनारी हायेत, साहेब. त्यांची गाडी चुकतीया."

"कसली गाडी?"

"तुमचं दिवा लावनं सात वाजता. वेल्ह्याकडची मानसं बाजार करून त्याच्या आदीच शेवटच्या गाडीनं वर जात्यात. बायकांनी मला गाडीत इच्यारलंय, तितं रोज काय सांगत्यात म्हनून. उभ्या उभ्या मी किती सांगनार?"

"मग? आम्ही दुपारी व्याख्यानं ठेवायची?"

"दुपारी त्यांनी वावरात जायचं का हितं यायचं? ती येत न्हाईत ना, मग आपन जाऊ. मुक्कामाच्या गाडीनं."

मुक्कामाची गाडी म्हणजे संध्याकाळी डोंगरातल्या शेवटच्या गावी जाणारी एसटी. ती रात्री तिथेच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, आणि सकाळी तीच गाडी माणसं घेऊन खाली येते. बाईंचं म्हणणं, वक्त्याला त्या गाडीत बसवायचं. व्याख्यान गावच्या देवळात, जेवण गावात, झोप गावात, सकाळी परत.

अध्यक्ष हसले. "अहो, पुण्याचा माणूस एकदा तसा गेला तर पुन्हा भोरचं नाव काढणार नाही."

"एक थंडी बघा," बाई म्हणाल्या. "न्हाई जमलं तर खुशाल साड्या इका. पहिली मीच घेईन."

अशी ती एक थंडी आम्हाला मिळाली. जमलं तर व्याख्यानमाला, नाही तर सेल.

पुढच्या हिवाळ्यातले पहिले वक्ते पुण्याचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. विषय कळवला होता, 'सह्याद्रीची जडणघडण'. स्टँडवर गाडीकडे पाहून ते जरा बिचकले, पण भले गृहस्थ, चढले. मीही पुस्तकांची पेटी घेऊन चढले. पेटी कुलूप लावून मांडीवर ठेवली होती, कारण पुस्तकांच्या बाबतीत माझा कोणावरही विश्वास नाही. कामथडीला दोघं चढले, नसरापूरला गाडी भरली, आणि निवृत्त झालेल्या बाई सीटला टेकून उभ्या राहिल्या.

"ऐका! आज रातच्याला तुमच्या देवळात हे सर बोलनारेत. तोरन्याचा डोंगर कुठनं आला ते सांगनारेत."

मागून एक म्हातारा म्हणाला, "कुठनं आला म्हंजे? हितंच तर व्हता!"

सगळी गाडी हसली. प्राध्यापकही हसले, आणि तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला.

वेल्हे मागे पडल्यावर अंधार झाला. खिडकीतून थंडी चावत होती. बाई काचेला नाक लावून बाहेर बघत होत्या. मी विचारलं, "एवढं काय बघताय? सगळी नोकरी याच रस्त्यावर झाली ना?"

"वेल्ह्यापातुरच," त्या म्हणाल्या. "आमच्या टायमाला बायांना मुक्कामाची डिवटी न्हवती. रोज सांजच्याला ही गाडी वर जाताना बघायची आन् वाटायचं, ही रातची झोपती तरी कुठं? आज कळंल."

देवळात भाताचा पेंढा अंथरून वर सतरंज्या टाकल्या होत्या. अख्खा गाव गोधड्या पांघरून हजर. बाईंनी सवयीने सगळ्यांना पुढे सरकवलं, गाभाऱ्यासमोरच्या घंटेपाशी गेल्या आणि दोनदा घंटा वाजवली. एसटीत एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. त्या बाजूच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

"डबल दिली सर," बाई म्हणाल्या. "चला, जाऊ द्या!"

प्राध्यापकांनी कागद काढले, दोन ओळी वाचल्या, समोर पाहिलं आणि कागद खिशात घातले. मग सांगत सुटले. तापलेला लाव्हा कसा पसरला, थरावर थर कसे बसले, मग पावसाने ते कसे कोरले. लोक टक लावून ऐकत होते. मधेच एका आजींनी हात वर केला.

"आमच्या वावरातनं दर साली दगडं येचतो. तरी पुढल्या साली नवी येत्यात. ती खालनं उगवत्यात का?"

"दगड वर येत नाहीत, आजी. पावसाने माती वाहून जाते, म्हणून खालचा दगड उघडा पडतो."

आजींनी गालावर हात ठेवला. "आगं बया! म्हंजे दगडाला उगाच शिव्या दिल्या म्या जल्मभर. माती नेनारा चोर ऱ्हायला बाजूला!"

मग काय विचारता! बांध कसा घालायचा, कुठल्या अंगाला घालायचा, डोंगराच्या कडेला विहीर लागते का, प्रश्नांवर प्रश्न. प्राध्यापक इतके रंगले की थांबायचं नाव घेईनात. शेवटी बाई पुढे झाल्या आणि घंटेचा एकच टोल दिला. सगळं देऊळ खदखदून हसलं. प्राध्यापकांना काही कळेना. तेव्हा कोपऱ्यातून गाडीचा ड्रायव्हर ओरडला, "सर, सिंगल पडली! थांबा आता, मला पहाटं उठायचंय!"

रात्री पावट्याची आमटी, नाचणीची भाकरी आणि वर इंद्रायणीचा वाफाळता भात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीतून उतरलो, तर अध्यक्ष स्टँडवर हजर. त्यांना वाटलं होतं, माफी मागावी लागणार. प्राध्यापक त्यांचा हात धरून म्हणाले, "पुढच्या वर्षी मला बोलवा. पण एक अट आहे. सभागृहात नको, वर."

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. बाई शांतपणे मफलर सारखा करत होत्या. सेलचा विषय त्या वर्षी पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर दर थंडीत मुक्कामाचं व्याख्यान होऊ लागलं. डॉक्टरीण बाई गुडघ्यांवर बोलून आल्या, एक जण मधमाश्यांवर बोलून आला. वक्ते आता स्वतःच फोनवर विचारतात, "मुक्कामाचं आहे ना?" गावागावांत ठेवलेल्या पेट्यांमधली पुस्तकं सकाळच्या गाडीने परत येतात. चुलीच्या धुराचा वास येतो त्यांना, पण पान दुमडलेलं नसतं. मी प्रत्येक पुस्तक तपासून बघते, म्हणून छातीठोकपणे सांगते. मोठमोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांत काय काय असेल, असो बापडं! पण एसटीने मुक्कामाला जाणारी व्याख्यानमाला आमची आहे, आणि ती एका कंडक्टरबाईंनी काढली. हे सांगताना माझी मान ताठ होते. होऊ दे.

गेल्या थंडीत समारोपाच्या बैठकीत बाईंनी नवीच घंटा वाजवली. "त्यांनी आपल्याला मुक्काम दिला. आता आपन द्यायचा. येत्या साली समारोप हितं सभागृहात. गावं खाली आनायची."

"आणि रात्री झोपवायची कुठे?" अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्या घरात. एवढं मोठं घर हाय, कोन ऱ्हातं त्यात?"

अध्यक्ष कानटोपी चाचपायला लागले. आम्ही खाली माना घालून हसलो.

भाद्रपदात साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. इतक्या झटपट गेल्या की मला अजून राग येतो. दुसऱ्यांना शेवटपर्यंत बसवून ठेवायचं आणि आपण मधेच उतरायचं, ही कुठली रीत?

थंडी सुरू झाली तशी बैठक बसली. अध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाले, "बाई नाहीत. समारोपाचं यंदा राहू द्यावं. त्यांच्याशिवाय वरची माणसं यायची नाहीत." कोणीतरी म्हणालं, सेलवाल्यांचा फोन आला होता. तेव्हा मात्र माझा पारा चढला. मी म्हटलं, "कंडक्टर नाही म्हणून गाडी रद्द होत नाही. दुसरा कंडक्टर चढतो. मी गावांना निरोप धाडते. नाहीच आलं कोणी, तर पहिली साडी मी घेईन."

बोलून तर बसले. समारोपाच्या संध्याकाळी तासभर आधीच स्टँडवर जाऊन उभी राहिले. वेल्ह्याची गाडी आली. दार उघडलं आणि माणसं उतरायला लागली. उतरतच राहिली! गाडी उभी भरून आली होती. कोणाच्या काखेत गोधडी, कोणाकडे तांदळाचं गाठोडं, कोणाकडे पावट्याच्या शेंगा. ड्रायव्हर मला म्हणाला, "ताई, आज मुक्कामाची गाडी मोकळीच जाणार वर. गाव समदं हितंच हाय."

दगडांच्या आजी सगळ्यांत शेवटी उतरल्या. त्यांना न्यायला अध्यक्ष स्वतः आले होते, कानटोपी घालून. "आजी, रात्री आमच्याकडे," म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, नाही तर तिथेच रडले असते.

सभागृहात शिरल्यावर ती माणसं, कोणी न सांगता, पहिल्या रांगेपासून बसत गेली. आमची भोरची मंडळी नेहमीप्रमाणे मागे गेली, तिथे एकटी पडली आणि ओशाळून पुढे सरकली. मागाहून आलेले भिंतीला टेकून उभे राहिले, पण लोखंडी कपाटाशेजारची जागा मोकळीच राहिली. तिथे कोणी पाय ठेवला नाही.

परिचय झाला. वक्ते तेच, आमचे पहिले प्राध्यापक. उभे राहिले, चष्मा लावला आणि बोलेनातच. ते कपाटाकडे बघत होते. मग माझ्या लक्षात आलं, सगळेच तिकडे बघत होते.

पहिल्या रांगेतून आजी माझ्याकडे वळल्या. "ताई, डबल कोन देनार?"

माझ्या हातात सभागृहाच्या किल्ल्या होत्या. मी कपाटापाशी गेले, बाईंसारखी कंबर टेकवली आणि किल्ल्यांनी पत्र्यावर दोनदा ठोकलं. पुढचं म्हणायला तोंड उघडलं.

त्याआधीच ते सगळ्या सभागृहाने म्हटलं.

"चला, जाऊ द्या!"