लाल गाडीतला आवाज

आमच्या भागात एखादं इंजिन बिघडलंय की नाही, हे इंजिनाला विचारायची पद्धत नव्हती. ते आमच्या नानांना विचारायचं. नाना म्हणजे माझे वडील. देवळाली प्रवराच्या अलीकडे आमची वस्ती होती. ऊस होता, विहीर होती आणि विहिरीवर काळं ऑइल इंजिन होतं, पण तसं ते सगळ्यांकडेच होतं. नानांकडे कान होता. राहुरीपासून पार सोनईपर्यंत कुणाचं इंजिन अडखळायला लागलं की माणूस सायकल मारत आमच्याकडे यायचा. नाना जायचे, बाभळीची एक काठी इंजिनाला टेकवायचे, तिचं दुसरं टोक दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. त्यांनी डोळे मिटले की बाकीच्यांनी गप्प व्हायचं, अशी रीतच पडली होती. बायका धुणं आपटायच्या थांबायच्या. मग डोळे उघडून ते विचारायचे, "आला का आवाज?" आणि जमलेले सगळे म्हणायचे, "आला."

खरं तर कुणाला काही येत नसे. पण इंजिन उघडलं की नाना म्हणत तेच निघायचं, त्यामुळे 'आला' म्हणण्यात आपण खोटं बोलतोय असं कुणाच्या मनात यायचं नाही. आरतीला उभं राहिल्यावर सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवाव्यात, तसं ते होतं.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या आणि इंजिनं थांबली. मी जन्मल्यापासून दिवसा कधी ती धकधक बंद झालेली ऐकली नव्हती. आता शिवारात काहीच वाजत नव्हतं. ऊस उभ्या उभ्या वाळला, जनावरं छावणीत गेली, माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. नानांकडे कुणी येईना. ते दिवसभर ओट्यावर बसून राहायचे, मान जराशी डावीकडे कलती करून. आई म्हणायची, रिकामा बसलेला माणूस असाच बसतो. मला त्या शांततेची भीती वाटायची आणि भीती वाटते हे सांगायची लाज वाटायची. मॅट्रिक झालेल्या मुलीनं असल्या गोष्टींना घाबरायचं नसतं.

अशात ती गाडी आली. शेजारच्या गावचे एक बागाईतदार नानांचे जुने दोस्त होते. नगरच्या कँपातून बदली होऊन चाललेल्या कुणा लष्करी अधिकाऱ्याकडून त्यांनी ती आणली होती. लाल, विलायती, शर्यतीच्या घाटाची जुनी गाडी. लांबलचक बॉनेट, त्यावर चामड्याचा पट्टा, सायकलीसारखी तारांची चाकं आणि वर फाटकं कापडी छत. बसायला जागा दोनच. लोक दुष्काळातली सरकारी सुकडी खाऊन दिवस काढत असताना असली गाडी घेणारा माणूस वेडा तरी असतो नाहीतर हौशी तरी, आणि बागाईतदार हौशी होते. आईनं गाडीभोवती एक चक्कर मारली. "दोघंच बसायची व्हय? मंग घरच्यांनी काय मागून पळायचं?"

नानांना मात्र कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं. त्यांनी गाडी कालव्याच्या रस्त्यानं लांबवर नेली आणि परत आणून ओट्यासमोर उभी केली. उतरताना मात्र त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"आवाज हाय," ते म्हणाले. "टक टक. मधीच येतो, मधीच जातो."

"मला तर कधी न्हाई आला," बागाईतदार म्हणाले.

"तुमी गाडी चालवताना बोलत आसता."

बागाईतदार ओशाळले. गाडी त्यांनी आमच्याकडेच ठेवली. चार-पाच दिवसांनी पुन्हा आले, नानांच्या शेजारी बसून एक फेरी मारून आले आणि उतरून म्हणाले, "येतो की, नाना. तुमी म्हनता तसाच येतो."

मला तो येत नव्हता. नाना मला शेजारी बसवून न्यायचे, कारण मी गप्प बसते असा त्यांचा गैरसमज होता. कालव्याचा तो रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना पाचटासारखा वाळलेला ऊस. नाना गाडी वेगात घ्यायचे, मग पाय काढायचे आणि बोट वर करायचे. "ह्यो बघ." मी जीव कानात आणून ऐकायची. वारा यायचा, इंजिनाची एकसारखी घरघर यायची, लांबून खडी फोडल्याचा आवाज यायचा.

"खडीचा आवाज आसंल, नाना," मी एकदा म्हणाले.

"खडी बाहेर फुटती. ह्यो आतनं येतोय."

"मला न्हाई येत."

"ध्यान दे," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर थोरल्या भावानं मला चांगलंच फैलावर घेतलं. त्यानं स्वतः आवाज 'ऐकला' होता, आणि नानांनी विचारलं तेव्हा वरच्या अंगाला येतो की खालच्या हेही सांगितलं होतं. "एवढ्या वर्सांत नानांचा कान चुकलाय का कधी?" तो म्हणाला. "तुला न्हाई आला म्हंजी न्हाईच हाय व्हय?" नानांचा कान खरोखरच कधी चुकला नव्हता, आणि या एका गोष्टीवर आमचं घर उभं होतं. नाना शाळा शिकले नव्हते, सोसायटीत त्यांना कुणी विचारत नव्हतं, पंगतीत मानाचं पान मिळायचं ते त्या कानामुळे. तो कान चुकत असेल तर नानांचं काय उरणार, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो घाबरून तिथंच सोडून दिला.

नाना आवाजाच्या मागे हात धुऊन लागले. आधी टॅपेट, म्हणजे झडपांमधली फट, जुळवली. मग एकेका प्लगची वायर काढून इंजिन चालवलं, कारण ज्या सिलिंडरचं काम थांबवल्यावर ठोका बदलतो तिथं दुखणं असतं. ठोका बदलला नाही. पंख्याचा पट्टा काढून पाहिला. काठी तर दातांतून निघेचना. इंजिनावर इथून तिथून टेकवत ते वाकलेले असायचे आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. पूर्वी ते एकदा डोळे मिटायचे आणि सांगायचे. आता ते मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे. एकदा वाकलेले सरळ होताना त्यांचा तोल गेला आणि त्यांनी बॉनेटची कड धरली. "ऊन लई हाय," ते म्हणाले. आम्ही कडुनिंबाच्या सावलीत होतो.

जेवतानाही ते भाकरीचा तुकडा हातात धरून थांबायचे. आई कालवण वाढायची थांबायची, मीही थांबायची. मग ते तुकडा तोंडात घालायचे. आई त्यांच्याकडे न पाहता म्हणायची, "त्या गाडीनं पार याड लावलंय तुमाला." तिचा आवाज मात्र चेष्टेचा राहिला नव्हता.

शेवटी नगरहून मिस्त्री बोलावला. तो नानांच्याच हाताखाली शिकून मोठा झालेला, आता स्वतःचं मोटारींचं गॅरेज असलेला. त्यानं गाडी सुरू केली, ऐकलं, आणि त्याचा चेहरा कोरा राहिला. मला इतका आनंद झाला की मी तांब्या खाली ठेवला. हा तरी खरं बोलेल.

"इंजिन तर झ्याक चाललंय, नाना," तो म्हणाला.

"जरा गरम हू दे. मंग येतो."

इंजिन गरम झालं. नानांनी बोट वर केलं. मिस्त्रीनं मान वाकडी केली, नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा इंजिनाकडे पाहिलं. ज्या माणसानं आपल्याला पाना धरायला शिकवला त्याचं बोट वर असताना काय म्हणायचं असतं, ते त्याला माहीत होतं.

"व्हय," तो म्हणाला. "बारीक हाय. पन हाय."

मला त्याचा मनस्वी राग आला. आजही येतो.

मग त्यानं इंजिनाचं तेल काढलं. ठोका बेअरिंगचा असेल तर तेलात धातूची चकाकी उतरते. नानांच्या जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा अंगणात पसरून त्यावर ते तेल ओतलं. नाना उकिडवे बसले, बोटानं तेल पसरवत राहिले, कापड उन्हात धरून तिरपं करून पाहत राहिले. काही चकाकलं नाही.

"तेल साफ हाय," मिस्त्री म्हणाला. त्याच्या बोलण्यात सुटका झाल्यासारखं होतं.

नानांनी ते कापड उलटून पुन्हा एकदा पाहिलं. मग हळूच, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "मंग वाजतंय काय?" मी त्यांना कधीच घाबरलेलं पाहिलं नव्हतं. विहिरीत उतरताना नाही, साप निघाला तेव्हा नाही. त्या दिवशी पाहिलं.

मी आईला चुलीपाशी गाठून म्हटलं, "नानांना नगरला मिशनच्या दवाखान्यात दाखवू." तिनं फुंकणी खाली ठेवली. "इंजिन बिघडलंय, मानूस न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा फुंकायला लागली. धूर नसतानाही तिनं पदरानं डोळे पुसले.

इंजिन पूर्ण बाहेर काढून खोलायचं ठरलं. तीन वासे उभे करून साखळीची पुली बांधली, आणि मिस्त्री, भाऊ आणि बागाईतदार यांनी मिळून ते वर ओढलं. कडुनिंबाखाली गोणपाट अंथरून त्यावर ते ठेवलं. एवढ्याशा जागेत इतकं अवजड काही मावत होतं याचं मला नवल वाटलं. आता गाडीच्या पुढच्या भागात नुसतं भोक होतं आणि त्यातून खालची माती दिसत होती.

धुरळा फार उडत होता म्हणून ती रिकामी गाडी गोठ्यात नेऊन ठेवायची होती. गोठा जवळजवळ मोकळाच होता. आमची बैलांची एक जोडी छावणीला पाठवली नव्हती, ती गाडीला जुंपली. भाऊ कासरा धरून पुढे, बागाईतदार आणि मिस्त्री मागून रेटायला. चाकं सरळ राहावीत म्हणून नाना स्टिअरिंगवर बसले. मी गाडीच्या बाजूनं चालत होते. बैल गाडी ओढतायत हे बघून बागाईतदार हसले. "आता खरी शोभती ही," ते म्हणाले. सगळेच हसले, नानाही.

गोठा दहा-पंधरा पावलांवर आला असेल. नानांनी हात वर केला.

"थांबवा."

भावानं कासरा ओढला. बैल उभे राहिले. वारा पडलेला होता. रस्त्याच्या कामावर दुपारची सुट्टी झालेली, त्यामुळे खडीही वाजत नव्हती. नानांनी मान डावीकडे कलती केली आणि डोळे मिटले.

"आला," ते म्हणाले. "आला बघा. आला का?"

"व्हय, नाना, आला," मागून मिस्त्री म्हणाला.

त्याच्या तोंडून ते सवयीनं निघून गेलं. त्याचं त्याला कळलं तेव्हा त्यानं गाडीवरचे हात काढून घेतले. बागाईतदारांनी खाली मान घातली. भाऊ बैलांच्या शिंगांकडे बघत उभा राहिला. नानांनी डोळे उघडले. समोरच्या भोकातून त्यांना माती दिसली असणार. मग त्यांनी वळून मागं, कडुनिंबाखाली गोणपाटावर पडलेल्या इंजिनाकडे पाहिलं. नंतर त्यांची नजर एकेकाच्या चेहऱ्यावरून फिरली, आणि एकानंही नजरेला नजर दिली नाही.

ती माझ्यापाशी येऊन थांबली.

"तुला येतोय का, बाय?"

इतके दिवस मी हे सांगायला तडफडत होते. आता ते सांगावं लागू नये म्हणून मी काहीही दिलं असतं.

"न्हाई, नाना."

"आधी?"

"कधीच न्हाई आला."

त्यांनी मान हलवली, कुणी नीट हिशोबाचं बोलल्यावर हलवावी तशी. स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले आणि तळवे कानांवर घट्ट दाबून धरले. बोटांना इंजिनाच्या तेलाचा काळा ओशटपणा होता, तो त्यांच्या पांढऱ्या केसांना लागला. मी पुढे होऊन गाडीच्या दाराला हात लावला. ते माझ्याकडे बघत होते, पण ऐकत होते दुसरीकडेच.

"आजून येतोय," ते म्हणाले. कान झाकलेला माणूस बोलतो तसं, गरजेपेक्षा मोठ्यानं.