तिघांच्या सह्या

विक्रीचा आकडा विचारला की रावसाहेब आधी उठून केबिनचं दार लावायचे. "दार लागल्याशिवाय आकडा बोलू नये," म्हणायचे. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. पहिल्या दिवशी मला त्याचा वैतागच आला.

नाव सांगत नाही. भांड्यांच्या त्या पेढीचे ते जुने हिशेबनीस; सगळे त्यांना रावसाहेबच म्हणत. त्यांचे आजोबा लातूरकडची शेती सोडून हैदराबादला आलेले. मालक तीन भाऊ. थोरल्यांचा बेगम बाजारात घाऊक धंदा, मधल्यांचं सुलतान बाजारात दुकान, धाकट्यांची सिकंदराबादहून ऑनलाइन विक्री. तिन्हीकडची माहिती एकत्र करून रोज एकच अहवाल पडद्यावर दिसेल, अशी व्यवस्था आखायला मला पुण्याहून बोलावलं होतं.

पहिल्याच बैठकीत गाडी रुतली. थोरले जांगड दिलेला माल, म्हणजे पसंत पडला तर ठेवा म्हणून दिलेला, तोही विकला असं धरत. मधले पैसे हातात आल्यावर धरत. धाकट्यांची विक्री गिऱ्हाइकानं मोबाइलवर बोट टेकवलं की झाली, मग पार्सल परत का येईना.

"एक कुकर घ्या, ताई," रावसाहेबांनी मला दार लावून समजावलं. "थोरल्यांकडून मधल्यांकडं गेला, तिथून धाकट्यांनी उचलला. कुकर एक, विकला तिघांनी."

"मग इतकी वर्षं अहवाल कसा देता?"

"तिघांना तीन. ज्याला त्याला आपलाच आकडा मोठा दिसतो. घरात शांती राहते."

त्या शांतीत ते स्वतः मात्र कोंडले होते. निवृत्तीचं वय कधीच उलटलेलं. बायको पुण्याला मुलीकडे, नातवापाशी. हे इथे खानावळीचा डबा खात. दुपारी तिचा फोन यायचा. "कधी येताव?" "हौ, येतो की." थोरल्या शेठजींची अटच होती: "नया सिस्टम बनने दो, रावसाब. तीनों भाई दस्तखत करे, उसी दिन आपकी छुट्टी."

मी व्याख्या ठरवली. माल बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे पोचला, परत आला नाही, तर विक्री. पडद्यावर एक आकडा आला. तिघे बघत राहिले.

"ये किसका नंबर है? अपना तो नहीं," मधले म्हणाले.

"क्या रावसाब, जाते जाते दुश्मनी निकाल रहे?" धाकटे हसले.

सही कोणीच केली नाही. त्यानंतर कितीतरी बैठका झाल्या, व्याख्या बदलल्या. प्रत्येक बैठकीनंतर एकेक भाऊ रावसाहेबांना आपल्या केबिनमध्ये बोलावून घ्यायचा.

एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. "ताई, तीन लॉगिन करा. ज्याला त्याला त्याचा आकडा."

"मग एकत्र कशाला आणलं सगळं? असलं काम मी करत नाही."

"तुम्हाला एक आकडा पाहिजे. मला घरी जायचंय."

शेवटी त्यांनी म्हटलं तसं केलं. निघताना ते थबकले. "खरा आकडा पण कुठंतरी असू द्या. माझ्या नावानं ठेवा."

चौथं लॉगिन त्यांचं झालं.

तिघांनी एकाच बैठकीत सह्या केल्या. मधल्यांनी मिठाई मागवली. रावसाहेबांनी संध्याकाळच्या पुण्याच्या बसचं तिकीट काढलं, माझ्या शेजारचं. बायकोला फोन केला तेव्हा दार सताड उघडं होतं. "निघालो, निघालो," एवढंच म्हणत होते.

बॅग उचलणार, तोच थोरले दारात आले. "रावसाब, कर्जे के वास्ते बँकवाले आके बैठे. असली सेल पूछ रहे. हम तीनों का जोड़े तो हिसाबच नहीं बैठ रा."

मागोमाग मधले आले, धाकटेही. "आपके पास है ना? हर महीने लगेगा अब."

"पासवर्ड देऊन टाका आणि चला," मी मराठीत म्हटलं.

रावसाहेबांनी तिघांकडे पाहिलं. तिघे एकमेकांकडे पाहत होते.

"कोणाला देऊ, ताई?"

त्यांनी बॅग खुर्चीखाली सरकवली आणि बसले.

मी एकटीच निघाले. जहीराबादला कंडक्टरनं शेजारच्या सीटवर दुसऱ्या कोणाला तरी बसवलं.