दिवाळीच्या बंदातले भाडे

"दादाने खोली ठरवली खरी, पण दिवाळीचा बंद मोजायलाच विसरला. शेवटी मामांनी उंबऱ्यात उभं राहून घरमालकाच्या हातात भाडं ठेवलं, तेव्हा कुठे वहिनी आत शिरली."

माझा धाकटा भाऊ ही हकीकत प्रत्येक लग्नकार्यात सांगतो. मामा आता हयात नाहीत, बायको हसून विषय टाळते आणि पुतणे माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहतात. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सुरतेच्या पांडेसऱ्यात, कापडाच्या कारखान्यात, मी लूम चालवत असे. एका खोलीत आम्ही सहा जण आणि खाटा तीन. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच उबेत आडवा होई. लग्नाला दीड वर्ष झाले होते, बायको गावी होती. तिला आणायचे, तर स्वतःची खोली हवी. मी एक पाहून ठेवली. पण घरमालकाचा नियम पक्का. "बैरी आवे पछी चावी," तो म्हणे. बायको डोळ्यांनी दिसल्याखेरीज चावी नाही आणि चावी दिल्याखेरीज पैसे घेणार नाही. एकट्या पुरुषांनी त्याला पूर्वी फसवले होते.

त्यामुळे खोली माझी होती आणि नव्हतीही. दुसऱ्या कोणाची बायको माझ्या बायकोआधी येऊन पोहोचेल, या धास्तीने मी दर दोन दिवसांनी पाळी सुटताच त्या गल्लीतून चक्कर मारी. दाराला कुलूप दिसले की जिवात जीव येई, पण खाटेवर येऊन पडेपर्यंत पुन्हा हुरहुर सुरू.

मामा आमच्याच कारखान्यात होते. एकदा जेवताना सर्वांदेखत त्यांनी टोमणा मारला, "भाचेबुवा, संसार मांडताय, पण दिवाळीत कारखाना तीन आठवडे बंद असतो, हे मोजलं का? विणलेल्या कापडाच्या मीटरवर पगार आपला. लूम थांबला की चूल थांबली!"

सगळे हसले. भावाने आपली सारी हकीकत या एका टोमण्यावर उभारली आहे. मामांना मी काय उत्तर दिले, ते मात्र तो सांगत नाही. मी म्हणालो, "मोजलं, मामा. बंदात कारखान्याची राखण मी करणार आहे. शेठशी बोलणं झालंय, निम्मे पैसे आगाऊ मिळतील." मामा म्हणाले, "मग दिवाळीला गावी येणार नाहीस?" मी मान हलवली.

माझी चूक झाली, पण ती वेगळी. रेशनकार्ड गावचे असल्याने सुरतेत स्वस्त रॉकेल मिळणार नाही, हे मी धरलेच नव्हते. पहिले काही दिवस आम्ही दिवसातून एकदाच स्वयंपाक केला. स्टोव्ह मामांनी दिला होता, हेही मी कधी नाकारलेले नाही. पण स्टोव्ह वेगळा आणि भाडे वेगळे.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी उधन्याच्या फलाटावर खानदेशाकडे निघालेल्या माणसांचा लोंढा होता. मी उलट दिशेच्या गाडीची वाट पाहत येरझाऱ्या घालत होतो. ती आली तेव्हा डब्यांतून मोजकी माणसे उतरली. त्यांत ही.

"आख्खा डबा रिकामा! माले वाटनं, चुकीनी गाडीमा बसनू का काय!"

तिथून थेट घरमालकाच्या दारी गेलो. त्याने तिला पाहिले, मी पैसे मोजून दिले, त्याने चावी दिली.

त्या दिवशी मामा सुरतेत नव्हतेच, दिवाळीसाठी ते आधीच गावी गेले होते. सकाळी नंदुरबारच्या फलाटावर त्यांनीच माझ्या बायकोला गाडीत बसवून दिले. आणि तिची ट्रंक उचलून डब्यात ठेवणारा, मामांच्या शेजारी उभा असलेला माणूस म्हणजे माझा हाच धाकटा भाऊ.