सलामी हवी, टेपवरची नको

बिगुलवाल्यांचं वय एक्याऐंशी आणि त्यांच्या कवळीचं नऊ दिवस. पटणार कसं?

बिगुलाला ना कळा, ना बटणं. सगळी करामत ओठांची, आणि ओठांना आधार दातांचा. इथे तर दुसऱ्या स्वरालाच वरची कवळी सुटायची आणि बिगुलावर टकटक करायची. सूनबाई चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायची आणि घरी येऊन सासऱ्यांच्या तोंडात कवळी.

"आ करा, बाबा. आता मिटा आणि बोलू नका."

"अगं, पण..."

"बोललात! चला, पुन्हा पहिल्यापासून."

रविवारी गावातल्या जुन्या सैनिकांचा सत्कार होता. पलटणीतले पाचच जण उरले होते. सलामीची टेप आहे, असं आयोजकांनी कळवलं, तेव्हा नव्वदीचे मेजर काठी आपटत थेट यांच्या दारात आले.

"सलामी तू वाजवायचीस."

"साहेब, माझे दात..."

"मी गेल्यावर वाजवशीलच की. पण ती मला ऐकू येणार आहे का? मला आत्ता ऐकायची आहे."

तेव्हापासून बिगुलवाले न्हाणीघरात, गच्चीवर, जिन्याखाली सराव करत होते. शेजाऱ्यांच्या कुत्र्याने मुक्काम हलवला.

बिगुलवाले मूळचे बेकरीवाल्याचे चिरंजीव. एकोणिसाव्या वर्षी भरती झाले तेव्हा उंची बेताची, छाती मात्र भात्यासारखी. वरिष्ठांनी एकदाच पाहिलं आणि हातात बिगुल दिला. पण आघाडीवर बिगुल वाजवून शत्रूला पत्ता कोण देणार? तिथे त्यांच्या हातात स्ट्रेचर आलं. किती जणांना उचलून आणलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आणलेल्यांत एक हेच मेजर होते आणि ते वाटभर "हळू रे, गाढवा!" म्हणून ओरडत होते, एवढंच सांगून हसायचे. लढाईनंतर चाळीस वर्षं पाव भाजले. कोणी लढाईचा विषय काढला की म्हणायचे, "आपण कसले सैनिक? आपण फुंकणारे." सत्काराच्या यादीतही त्यांनी आपलं नाव लिहू दिलं नव्हतं.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. मंचावर चार खुर्च्या, चार शाली, आणि प्रमुख पाहुण्यांच्या हातात भाषणाचा चांगला जाडजूड गठ्ठा. मागच्या भिंतीशी टेबलांवर सूप आणि पाव झाकून ठेवले होते, ते भाषणानंतर. सूनबाई पहिल्या रांगेत बसली होती.

बिगुलवाल्यांनी बिगुल ओठांना लावला. पहिला स्वर खणखणीत लागला. दुसऱ्याला कवळी हलली. ती सावरायला त्यांनी जबडा आवळला, क्षणभर डोकं रिकामं झालं आणि ओठांनी आपल्या मनाने वर्षानुवर्षं दिवसातून तीनदा वाजवलेली धून सुरू केली.

जेवणाची.

चारही म्हातारे ताडकन उठले. निदान त्यांना तरी ते ताडकन वाटलं. कोणी कोणाला विचारलं नाही. मेजर पुढे, बाकीचे हुद्द्याप्रमाणे मागे, शाली सावरत, डावा-उजवा, डावा-उजवा करत मंच उतरून थेट सुपाच्या टेबलाकडे. एकाला ऐकू कमी यायचं. तो सर्वांत जोरात चालत होता.

"अहो, भाषण व्हायचंय!" आयोजक धावले.

"बिगुल झाला," मेजर म्हणाले. "झाकण काढा."

सभागृहात हास्याचा असा काही लोट उठला की पाहुण्यांनी गठ्ठा खिशात कोंबला आणि स्वतः पळी हातात घेतली. मंचावर बिगुलवाले एकटे उभे, कानापर्यंत लाल. साहेबांनी एकदाच मागितलेली गोष्ट, तीही आपण घालवली!

"अरे, तिथे काय उभा राहिलास?" मेजर ओरडले. "इकडे ये!"

पलटणीत सगळ्यांना जेवायला बोलावणारा स्वतः मात्र सगळ्यांच्या मागून जेवायचा. तशी रीतच होती. म्हणून बिगुलवाले येऊन रांगेच्या शेपटाला उभे राहिले. मेजरनी काठीने खूण केली. पुढे. आणखी पुढे. माझ्याही पुढे. आणि पहिला वाडगा त्यांच्या हातात ठेवला.

"मला आणलंस, तेव्हा आभार मानायचे राहिले होते," ते म्हणाले. "शिव्या तेवढ्या दिल्या."

"साहेब, सलामी..."

"दोन घोट घे आणि वाजव. इथूनच."

बिगुलवाल्यांनी दोन घोट घेतले, वाडगा सूनबाईकडे दिला. आता आणखी काय चुकणार होतं? ओठ सैल पडले, भाता भरला, आणि सलामी निघाली: थोडी कापरी, एके ठिकाणी घसरलेली, पण पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंत सगळी.

चार म्हातारे डाव्या हातात वाडगे आणि उजव्या हाताने सॅल्यूट धरून ताठ उभे होते. पाव तोंडात होता, गाल फुगले होते. पण शेवटचा स्वर विरेपर्यंत एकानेही घास चावला नाही.